आईनं काय काय सोडलं

माझ्या आईनं वांगं सोडलं ते माझं लग्न जमावं म्हणून. म्हणजे जमत नव्हतं असं काही नाही, मीच पोरांना नाकं मुरडत होते. पण तिनं तिच्या पद्धतीनं तोडगा काढला. धाकट्या भावाला टायफॉइड झाला तेव्हा चहातली साखर गेली. वडील आजारी पडले तेव्हा पायातली चप्पल गेली. वडील काही वाचले नाहीत, पण चप्पल तिनं परत घातली नाही ती नाहीच. शिर्डीच्या उन्हाळ्यात, डांबर पाघळतं अशा रस्त्यावरून ती अनवाणी फुलं आणायला जायची.

देवाला काही द्यायचं तर आपल्याला आवडतं ते सोडायचं, एवढाच तिचा हिशेब. आणि काम होईपर्यंत सोडलेलं कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की केलेलं सगळं पाण्यात. त्यामुळं आम्ही भावंडं तिच्या ताटावरून ओळखायचो. एकदम वांग्याची भाजी बाजूला सारायला लागली की समजायचं, काहीतरी चाललंय. मग आम्ही गप बसायचो.

मी मात्र बोलायचे. माझी जीभ पहिल्यापासून लांब. "अगं, वांग्याचा आणि माझ्या लग्नाचा संबंध काय?" ती म्हणायची, "तुला न्हाई कळायचं. तू मशीन चालव." मी शिलाईकाम करते. लग्नानंतर नगरला आले तशी दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत मशीन टाकली. आता एसटीवर अहिल्यानगर लिहितात, पण आमच्या तोंडी नगरच बसलंय.

माहेरचा धंदा फुलांचा. शिर्डीत भावाचं हार-प्रसादाचं छोटं दुकान आहे आणि हार ओवायचं काम आईचं. तिच्यासारखा गुलाबाचा हार कुणी ओवून दाखवावा. फूल चेपायचं नाही, देठ दिसायचा नाही, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला सुई दिसायचीच नाही.

त्या बोटांवरच दुखणं आलं. आधी कोपरांवर, मग गुडघ्यांवर, डोक्यात, आणि शेवटी हातांवर. लाल चट्टे आणि त्यांवर पांढरे खवले. कुणी गजकर्ण म्हणालं, कुणी इसब. डॉक्टरनं सांगितलं सोरायसिस. बरा होत नाही, आटोक्यात राहतो, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पण हे शेवटचं वाक्य जगाला कोण सांगणार? एका बाईनं आईच्या हातातला हार घेतला, तिच्या बोटांकडं पाहिलं, आणि हार परत टोपलीत ठेवला. "दुसरा द्या," म्हणाली. "त्या दादांच्या हातचा द्या." दुसऱ्या दिवसापासून आई दुकानाच्या मागं, क्रेटच्या आड बसून ओवायला लागली. मी तिथं असते तर त्या बाईला असं सुनावलं असतं की दर्शन विसरली असती.

तेव्हापासून तिचे सगळे ब्लाऊज मी पूर्ण बाह्यांचे शिवायचे. उन्हाळ्यातसुद्धा. मलमं झाली, गोळ्या झाल्या. जरा बरं वाटलं की ती औषध बंद करायची आणि महिन्याभरात खवले परत हजर.

मग तो पुडीवाला भेटला. आठवडे बाजारात चादर अंथरून बसायचा. बरण्या, मुळ्या, आणि एका बाजूला कागदात बांधलेल्या पुड्या. शंभर टक्के जडीबुटी म्हणून सांगायचा. भावानं सहज म्हणून आणली. आणि काय सांगू, पंधरा-वीस दिवसांत आईचं अंग लख्ख! हात असे निघाले की मला माझ्या लहानपणीची आई आठवली. आई नगरला आली, पिशवीतून एक पिवळं कापड काढलं आणि लाजत म्हणाली, "ह्याला अर्ध्या बाह्या ठेव."

मी मशीनवर बसल्या बसल्या रडले. रडत रडत बाह्या कापल्या आणि एक बाही तिरपी गेली.

त्यानंतर आई दुकानाच्या पुढं बसायला लागली. पिवळा ब्लाऊज, उघडे हात, पुढ्यात गुलाबाची टोपली. गिऱ्हाइकांशी बोलायची, हसायची. चेहराही गोल झाला होता. आम्ही म्हणायचो, आई बाळसं धरायला लागली. कशामुळं गोल झाला ते आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. वर्षानुवर्षं ती पुडी चालू होती. भाऊ दर बाजारी आणायचा आणि आई रोज सकाळी चहाआधी घ्यायची. घरातली तूरडाळ संपली तर चालेल, पुडी संपता कामा नये, अशी गत.

इकडं माझं वेगळंच चाललं होतं. मला दिवस राहायचे आणि टिकायचे नाहीत. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. दुसऱ्या वेळी तर पाचवा लागला होता. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा आई माझ्या स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून भाकरी थापत होती. ती तशीच म्हणाली, "माझंच चुकलं. मी सोडलं ते हलकं हुतं."

"काय सोडलं होतंस?"

"पेरू."

मी ताट आपटलं. "माझं पोर गेलं आणि तू पेरूचं काय घेऊन बसलीस! देव काय तिथं तराजू घेऊन बसलाय का?" यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला हाताला धरून आत नेलं. आई भाकरी थापत राहिली. मी चिडले होते ते तिच्यावर नव्हतंच. पण समोर तीच होती.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी कुणाला सांगितलंच नाही, पाचवा सरल्यावर आईला मात्र सांगावं लागलं. फोनवर तिनं काही विचारलं नाही. म्हणाली, "बरं. जप." एवढंच. मला जरा रागच आला.

सातव्यात माझं डोहाळजेवण शिर्डीलाच केलं. भावानं फुलांचे दागिने केले होते, मोगऱ्याचा मुकुट, कमरपट्टा, सगळं. ऐन वैशाख. पत्र्याखाली बायका घामानं निथळत होत्या आणि आई शाल पांघरून बसली होती. पूर्ण बाह्यांचा जुना ब्लाऊज. मी म्हटलं, "पिवळा कुठाय?" ती म्हणाली, "धुवायला टाकलाय." पण माझी नजर शिंप्याची. बाही दंडावर इतकी दाटून बसली होती की शिवण ताणली होती. मी त्या मापाच्या बाह्या डोळे मिटून कापते. दंड असा फुगला कसा? मी हात धरायला गेले तर तिनं झटक्यात मागं घेतला. "बायका बघतात. ओटी भरून घे आधी."

मी ओटी भरून घेतली. कौतुकाचा दिवस होता आणि सगळ्यांना हसायचं होतं.

पुढच्याच आठवड्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं नुसता मोबाईल आईकडं फिरवला. मी आईला ओळखलं नाही. डोक्यापासून पायापर्यंत ती लाल झाली होती. चट्टे नव्हतेच आता, मधे चांगली कातडी उरलीच नव्हती. भट्टीतून काढलेल्या विटेसारखा एकच एक रंग. कपाळ लाल, कान लाल, तळहात लाल. पापण्या खाली ओढल्या गेलेल्या आणि त्यांची आतली बाजू दिसत होती. अंथरुणावर पांढरा कोंडा. भाऊ म्हणाला, "ताई, सकाळी झाडलं. सुपलीभर निघाला. आता बघ, परत तेवढाच." आणि आई गोधडीत कुडकुडत होती. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि तिचे दात वाजत होते.

भावानं तिला फुलांच्या टेम्पोतूनच नगरला आणलं. मागं झेंडूचे रिकामे क्रेट होते, त्यांच्या मधे गादी टाकून. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ती कण्हत होती, असं तो सांगत होता. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. शेजारणीनं निघताना टोकलं होतं, "पोटुशी बाईनं असल्याच्या जवळ जाऊ नये." मी तिला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. टेम्पोचं दार उघडलं तसा झेंडूचा वास आला, आणि त्याखालून दुसरा एक, ओल्या कातडीचा, आंबूस. आजही देवळासमोर झेंडूचा ढीग बघितला की माझ्या पोटात तोच वास उठतो. मी झेंडू घरात आणत नाही. दसऱ्यालासुद्धा दाराला आंब्याची पानं लावते, नुसती.

त्वचेच्या डॉक्टर तरुण होत्या. आईला मावशी म्हणायच्या. त्यांनी आईच्या काखेतल्या गाठी चाचपल्या, नखं पाहिली. नखं जाड होऊन बोटांपासून सुटायला लागली होती. मग त्यांनी मला बाहेर बोलावून नीट समजावलं. म्हणाल्या, "कातडी म्हणजे घराची भिंत धरा. आता सगळ्या भिंतीलाच आग लागलीय. अंगातली ऊब बाहेर चाललीय, म्हणून त्यांना थंडी वाजते. पाणी बाहेर चाललंय, म्हणून तहान भागत नाही. कोंड्याबरोबर अंगातला कस जातोय, म्हणून पाय सुजलेत. आणि एवढ्या कातडीला रक्त पुरवताना हृदयाची दमछाक होतेय."

"कशानं झालं पण?"

"तेच शोधायचंय. जुना सोरायसिस असा भडकतो. कधी नव्या औषधानं होतं. कधी एखादं औषध एकदम बंद केल्यानं. कधी आत कुठं गाठ वाढत असते तिच्यामुळं. आणि कधी कधी कारण सापडतच नाही. मला सांगा, नवीन काय चालू झालं? जुनं काय बंद झालं?"

भावानं पुडी सांगितली. त्यांचं तोंड कडू झालं. "त्यात स्टिरॉइड कालवलेलं असणार. म्हणूनच इतकी वर्षं बरं वाटत होतं, चेहरा गोल झाला होता. बंद केली का मधे?"

"न्हाई मॅडम. मीच आणतो दर आठवड्याला. परवा पण आणली."

त्या आईच्या खाटेशी गेल्या. "मावशी, पुडी रोज घेत होता?"

"रोज घेत हुते," आई म्हणाली.

"सोडली नव्हती?"

"न्हाई."

डॉक्टर बुचकळ्यात पडल्या. पुडी चालू असताना हे एवढं एकदम उसळावं कसं? मग रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, कातडीचा तुकडा काढून पाठवला. कॅन्सर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण सगळे त्याच्या भोवतीच बोलत होते. तेवढ्यात आईचं बीपी उतरायला लागलं. सलाइन लावलं तरी चढेना. ताप येत-जात होता. डॉक्टर मला म्हणाल्या, "मला स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचा मोह होतोय, पण रक्तात जंतू शिरले असतील तर तेच घात करेल. कारण कळलं असतं तर एवढं चाचपडायला लागलं नसतं." आणि त्या परत आईकडं गेल्या आणि परत तोच प्रश्न. काय चालू केलं, काय सोडलं? आणि आईचं परत तेच. काही न्हाई.

मी खाटेशेजारी स्टुलावर बसलेले असायचे. अंगाला व्हॅसलीन चोपडायचं, ओली फडकी गुंडाळायची, ती सुकली की बदलायची. माझ्या तळव्याला तिची कातडी कढत लागायची, आणि ती म्हणायची, "गार हाय गं तुझा हात, नको." माझ्या पोटावर, साडीवर, तिचा कोंडा पडायचा आणि तशातही ती थरथरत्या बोटांनी तो झटकायची. माझ्या पोटावरचाच तेवढा. तिच्या स्वतःच्या अंगावरच्या कोंड्याकडं तिचं लक्षच नव्हतं.

दुपारी शेजारच्या खाटेवरच्या आजींचा डबा आला. त्यांनी मायेनं वाटी पुढं केली. "घ्या हो दोन घास, भरली वांगी हायत. सूनबाईच्या हातची."

आईनं मान हलवली. ओठ फुटलेले, आवाज खोल गेलेला, तरी नीट उत्तर दिलं. "न्हाई ओ. वांगं सोडलंय मी. लेकीच्या लग्नासाठी."

मी तेव्हा तिच्या पायाला फडकं गुंडाळत होते. माझे हात थांबले. लेकीच्या लग्नासाठी वांगं. मग लेकीच्या पोटासाठी काय? पेरू हलका पडला होता. ह्या वेळी जड काहीतरी सोडलं असणार. हिला सगळ्यांत प्रिय काय होतं? मला पिवळा ब्लाऊज दिसला. दुकानाच्या पुढं बसलेली, उघड्या हातांनी हार देणारी माझी आई दिसली.

मी तिच्या तोंडाशी वाकले. "आई. पुडी सोडलीस ना?"

तिनं माझ्या पोटावरचा कोंडा झटकला.

"माझ्यासाठी सोडलीस. मी फोन केला त्याच दिवशी. व्हय ना?"

तिनं डोळे मिटायचा प्रयत्न केला. पापण्या पुऱ्या मिटत नव्हत्या, खाली बारीक लाल फट राहत होती, आणि त्या फटीतून ती माझ्या पोटाकडं बघत राहिली. नाही म्हणाली नाही. खोटं ती डॉक्टरशी बोलली होती, माझ्याशी तिला जमलं नाही.

मी उठले. माझ्या पोटात तेव्हा हालचाल झाली, पाय मारला पोरीनं. खरं सांगते, मी तिथंच उभी राहिले. मी नवस मानत नाही. ताट आपटणारी बाई आहे मी. पण दोनदा रिकामी झालेली बाईसुद्धा मीच होते, आणि तिच्या मनात कुणीतरी कुजबुजलं, सांगितलंस तर फळ जाईल. मग मी स्वतःलाच एक शिवी हासडली आणि डॉक्टरांच्या खोलीकडं जवळजवळ पळतच गेले. सगळं सांगून टाकलं. वांगं, पेरू, पुडी, सगळं.

डॉक्टर झटकन उठल्या. नर्सला हाका मारता मारता त्यांनी मला चालताचालता सांगितलं, इतकी वर्षं स्टिरॉइड बाहेरून मिळालं की शरीर ते स्वतः करायचं विसरतं. एकदम बंद केलं तर कातडीही पेटते आणि बीपीही बसतं. हळूहळू, पायरी पायरीनं उतरवावं लागतं. त्यांनी ते इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत बीपी वर आलं. आईनं पहिल्यांदा स्वतःहून पेज मागितली.

पेज पाजताना तिनं मला विचारलं, "सांगितलंस?"

"व्हय. सांगितलं."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालाच्या चिरांमधे झोंबलं, तशी ती कळवळली. "बये, पोटाचा तरी इचार करायचा."

"तू मेली असतीस तर पोटातल्याला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"मी काय, पिकलं पान. त्याचं तर अजून काहीच न्हाई झालं."

पुड्यांचं काय केलं तेही मग कळलं. रोज सकाळी भावासमोर उघडायची, वळून पाणी प्यायची आणि भुकटी वाळलेल्या फुलांच्या टोपलीत टाकायची. देवाच्या पायावरून उतरलेल्या फुलांत. तिच्या मते ती वाया गेलीच नव्हती.

आई हळूहळू सावरली. आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी सुरू झाली, तिच्यासाठी रक्त तपासत राहायचं, आणि स्टिरॉइड थोडंथोडं उतरवत न्यायचं. केस मूठमूठ गळले आणि मग बारीक लव आली. जुनी नखं पडली, नवी फुटली.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोटातलं मूल जरा वेळ शांत राहिलं की मी मशीन थांबवायचे आणि पोटावर हात ठेवून बसायचे. हल गं. हल ना. आमचे हे म्हणायचे, झोपलं असेल. मी म्हणायचे, हो, झोपलं असेल. आणि गोड खायचे, डाव्या कुशीवर व्हायचे, पाणी प्यायचे, काय वाटेल ते करायचे ते हलेपर्यंत. बाहेर कुणी मेलेल्याचा विषय काढला की मी पंखा मोठा करायचे. आई रोज सकाळी फोन करायची. कशी आहेस विचारायची नाही. नुसतं, "हाय ना?" मी म्हणायचे, "हाय." फोन बंद.

मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची, काळी सावळी, आवाजानं दवाखाना डोक्यावर घेणारी. मी यांना म्हटलं, आईला व्हिडिओ लावा, तिला रडणं ऐकवा. आई पलीकडं ऐकत राहिली. किती वेळ ऐकत होती कोण जाणे.

ती बघायला आली तेव्हा तिचं अंग बरंच निवळलं होतं. उंबऱ्यात उभी राहिली. हात जोडले, पोरीला दुरून बघितलं. मी पोरीला पुढं केलं. "घे."

"नको. माझं अंग असलं. कोंडा पडतो."

"लागट नाही ते! डॉक्टर घसा फोडून सांगतात."

"असू दे. जरा निवळू दे."

बाळंतिणीला न्हाऊ घालायला, पोरीला मांडीवर चोळायला दुसरी बाई लावावी लागली. आई पाणी तापवायची, धुरी करायची, झबली वाळत घालायची, पोरीला हात लावायची नाही. निवळू दे म्हणत होती, तर निवळलं की. हात स्वच्छ झाले. दुकानात पुढं बसायला लागली. पिवळा ब्लाऊज विरला म्हणून मी नवा शिवून दिला, अर्ध्या बाह्यांचाच. डॉक्टरांनी तर तिच्या हाताला स्वतःचा हात घासून दाखवला. म्हणाल्या, "बघा मावशी, मला काही झालं का? उचला नातीला." आई हसली आणि मान डोलावली. नात तशीच राहिली.

मी भांडले. दर वेळी भांडले. पोरीच्या जावळाला, वाढदिवसाला, सणाला. "शेजारणी उचलतात, वाटेवरचे उचलतात, आणि तू आजी असून!" आई ऐकून घ्यायची. आमचे हे म्हणायचे, धसका घेतलाय आईंनी, सोड. मलाही तेच खरं वाटायला लागलं. कारण धसका मीही घेतला होता. पोरीच्या गालावर घामोळं उठलं तरी मी तिला उन्हात नेऊन बघायचे, अंगावरचे कपडे काढून, इंच इंच. खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि त्यात धूळ तरंगली की मला ती धूळ वाटत नाही. मशीनच्या, कापड पुढं सरकवणाऱ्या दातऱ्याखाली पांढरी कणी साठते, सुताचीच असते, मला माहीत आहे. तरी मी बोटावर घेऊन बघते.

गेल्या दिवाळीत आम्ही शिर्डीला होतो. पोरगी आता चांगली धावते. मी आत चिवडा ढवळत होते, आई ओट्यावर बसून हार ओवत होती आणि पोरगी कडेनं उड्या मारत होती. मला स्वयंपाकघराच्या दारातून दोघी दिसत होत्या. पोरीचा पाय घसरला. आईनं सुई टाकली, दोन्ही हात पुढं झाले, असे झाले की पोरगी त्यांच्यातच पडली असती. आणि ते हात मधेच थांबले. वीतभर अंतरावर थांबले. पोरगी खाली आपटली. आई किंचाळली, माझं नाव घेऊन किंचाळली, पण हात तसेच हवेत.

मी धावले, पोरीला उचललं. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. मी आईवर ओरडायला तोंड उघडलं आणि तिच्या हातांकडं पाहिलं. स्वच्छ, नितळ हात. तिनं ते हळूच मागं घेतले आणि पदरात गुंडाळले.

मग मला कळलं. मी एक नवस मोडला होता. डॉक्टरांच्या खोलीत, मोठ्या आवाजात. तो तिनं तसाच मोडू दिला नव्हता. पुडीच्या जागी दुसरं काहीतरी ठेवलं होतं, पुडीहून जड, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या तोंडाशी प्रश्न आला होता. आई, हे सोडलंस का तू? मी तो गिळला. माझ्यासारखी लांब जिभेची बाई, मी चिवड्याचा झारा हातात घेऊन नुसती उभी राहिले. पोरगी माझ्या कडेवर हुंदके देत होती, जड, गरम, जिवंत. मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. यांनासुद्धा पहिल्यांदा हे इथं वाचूनच कळेल, आणि आई वाचत नाही.

थोड्या वेळानं पोरगी माझ्या कडेवरून उतरली. नाक पुसलं. आईसमोर जाऊन उभी राहिली आणि तिला म्हणाली, "आजी, तू नको उचलू. मी चढते."

ती चढली. आईच्या मांडीवर बसली, पाठ टेकवली, टोपलीतला गुलाब उचलून पाकळ्या काढायला लागली. आईनं दोन्ही हात तिच्या दोन बाजूंना वर धरले होते, अंगाला न लागतील असे, आणि पोरीचे केस तिच्या हनुवटीला लागत होते. पोरगी उतरेपर्यंत आईनं हात खाली घेतले नाहीत.